उशीतला निळा चेहरा

बागियो, २२ ऑगस्ट

माना सियोनी,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. तिन्ही उशाशी ठेवून झोपतो आणि सकाळी उठलो की आधी त्यांच्याकडे पाठ फिरवतो. आज लिहू, उद्या लिहू करत इतके दिवस काढले, हे कबूल. एकदा तर कागद घेऊन बसलोही होतो, पण समोरच्या चढावर भाजीचा ट्रक बंद पडला. धक्का मारायला म्हणून गेलो आणि कोबीच्या ढिगावर बसून थेट ला त्रिनिदादला पोचलो. तिथे एकाचं लग्न होतं. परत यायला वेळ लागला. हसू नकोस. हसत नाहीसच, माहीत आहे मला.

खरं सांगू? पहिल्या पत्रात तू लिहिलंस, "मानो रुफोचा चेहरा फिका पडत चाललाय," आणि ते वाक्य मी तीनदा वाचलं. फोटोंचा अल्बम ज्या वादळात वाहून गेला, त्याच वादळात आपल्या थोरल्या भावाची, मानोची, बोट गेली. त्याचा चेहरा म्हणून घरात उरलं काय, तर मी गेल्या वर्षी जत्रेला आलो होतो तेव्हा पिठाच्या पोत्याच्या कापडावर छापलेलं ते निळं चित्र. तू म्हणतेस, तसंच दुसरं छापून पाठव. माना, त्याच्या फोटोची निगेटिव्ह राहिलेली नाही. इलोइलोच्या खोलीच्या मालकिणीने ती खिडकीच्या फुटक्या काचेच्या जागी चिकटवली. पावसाने तिचा चिखल केला. म्हणजे जे आहे ते एवढंच.

म्हणून आपो किंतिनना विचारलं. हे माझे सध्याचे मालक. म्हाताऱ्याने सगळी उमर खाणीतल्या बोगद्यांचे निळे नकाशे छापण्यात घालवली. खाण बंद पडली तसे त्याच निळ्या रंगात नेच्याची पानं छापून टेबलावर घालायची कापडं विकतात. मी म्हटलं, "आपो, चित्र फिकं पडतंय, काय करू?" तर डोळे वटारून म्हणाले, "फिकं म्हणजे कसं फिकं? तापाने फणफणलेलं पोर झोकांड्या खातं आणि प्यालेलं पोरही झोकांड्या खातं. दोघांना एकच औषध देशील का, गाढवा?"

तेव्हा मला नीट बघून कळव. सगळं कापड सारखं फिकं झालंय, की डाग-डाग पडलेत? फिकट जागा पांढरट दिसते की पिवळी? टांगलंय कुठे? साबण लागला होता का? पिवळं असेल तर अवघड आहे. पांढरट असेल तर मानोचा चेहरा नुसता दमलाय. या निळ्याची गंमत अशी की ऊनच त्याला जन्माला घालतं आणि ऊनच त्याला दमवतं. अंधारात, जरा हवा लागेल असं ठेवलं तर तो दम खाऊन परत येतो. आपोंनी मला दाखवलं. उन्हात विटलेलं नेच्याचं पान त्यांनी कपाटात टाकलं आणि आम्ही ते विसरून गेलो. परवा काढलं तर गडद निळं!

तेव्हा चित्र लगेच खिडकीतून काढ आणि पेटीत ठेव. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नकोस. नानायला काय सांगायचं ते तू बघ, थोरल्या मुलीचं आई ऐकते. तुला जमतं.

तुझा,
डोमेंग


तालिसाय, सामार, ५ सप्टेंबर

डोमेंग,

मला जमतं! तू कोबीवर बसून लग्नाला जा, इथलं मला जमतं.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. कापड सगळीकडे सारखं फिकं आहे. पांढरट, पिवळं नाही. कॉलर कुठे संपते आणि गळा कुठे सुरू होतो ते कळत नाही. साबण लागलेला नाही. टांगलंय समुद्राकडच्या खिडकीत, तोंड बाहेर करून. नानाय म्हणते, "त्याला घर दिसत नसेल तर समुद्राला तरी तो दिसू दे." म्हणजे दिवसभर ऊन.

रोज सकाळी ती खिडकीपाशी उभी राहते आणि बोट लावून बघते. आधी गालावरचा तीळ गेला. मग भुवया. त्यात म्हातारी लोला साबेल येऊन सांगून गेली की चित्रात जेवढा उरलाय तेवढाच तो जगात उरलाय. त्या बाईला दुसरा धंदा नाही. पण नानायला ते पटलं. चेहरा उतरतो तसं तिचं जेवण उतरतं. परवा तिने मला शांतपणे सांगितलं, "सियोनी, चेहरा पूर्ण गेला की मी दोन नोव्हेंबरच्या प्रार्थनेसाठी पाद्रींकडे त्याचं नाव देणार." गावातल्या गेलेल्यांची नावं वाचतात त्यात. डोमेंग, ते नाव तिच्या कानांनी एकदा ऐकलं की ती अंथरुणातून उठायची नाही. मी तिच्यापाशी राहते. मला दिसतं.

आता तुझ्या पेटीचं ऐक. ती प्रार्थनेला गेली तेव्हा मी चित्र काढलं, आजोबांच्या लाकडी पेटीत ठेवलं, झाकण लावलं. म्हटलं, समजावू नंतर. ती आली. खिडकी रिकामी बघितली. पेटी बघितली. आणि अशी ओरडली की शेजारची कोंबडी छपरावर जाऊन बसली.

"माझ्या जिवंत पोराला पेटीत घातलंस? झाकण लावून?"

तिचं ओरडणं ऐकून लोक धावले. त्यांना वाटलं, मानोची बातमी आली. मी काही बोलायच्या आत गावच्या कापितान तेनोरियोची बायको कॉफीचा डबा आणि बिस्किटं घेऊन हजर. मागून कोणीतरी मेणबत्त्या आणल्या. कोणी बाकडी आणून अंगणात मांडायला लागलं, मयताच्या घरी रात्र जागवतात तशी जागवायची म्हणून. एक जण पत्त्यांचा जोडसुद्धा घेऊन आला होता. मी दारात उभी राहून एकेकाला परत पाठवत होते आणि आत नानाय पेटीचं झाकण उघडून त्याला सांगत होती, "घाबरू नको, घाबरू नको."

चित्र पुन्हा खिडकीत आहे. आता ती पेटीच्या जवळसुद्धा जाऊ देत नाही. दुसरं काही सुचत असेल तर सांग. नाहीतर स्वतः ये. तू आलास तर तिला निदान शिव्या द्यायला कोणी मिळेल.

सियोनी


बागियो, १७ सप्टेंबर

माना,

तुझं पत्र वाचून रस्त्यातच खाली बसलो. पत्ते आणणारा तो नक्की बेर्तिंग असणार. त्याला माझ्याकडून एक गुद्दा दे.

आपोंना सगळं सांगितलं. ते हातातलं कापड धूत होते, धूतच राहिले. मग म्हणाले, "पेटी कोणी सांगितली होती? मी अंधार सांगितला होता."

आणि तेवढ्यावरून मला आठवलं. माना, मानो रात्रभर समुद्रावर राहून सकाळी यायचा तेव्हा नानाय काय करायची? खिडक्या लावायची. कोंबडा चिंचेखाली नेऊन बांधायची. आणि हातात उलथणं घेऊन दारात बसायची. मी एकदा शिट्टी वाजवली होती, त्याचा वळ अजून आहे. "रात्रभर जाळं ओढलंय त्याने, झोपू दे!" दुपारपर्यंत त्या घरात कोणी खोकायचं नाही. मासेमारी करून आलेला माणूस भर दिवसा अंधारात झोपतो, यात अशुभ ते काय?

तेव्हा तिला म्हण, मानो दमलाय. म्हण, आपण त्याला उन्हात उभं करून ठेवलंय आणि तो जागा आहे कधीपासून. त्याची उशी असेलच. ती जुनी, त्याच्या डोक्याच्या तेलाने काळी झालेली. चित्र त्याच उशीच्या खोळीत सरकव, चेहरा आत करून. सुती खोळ, हवा लागते, उजेड लागत नाही. नानायला ती कुशीत घेऊन झोपू दे. रोज काढून बघू नका, एवढं मात्र तिला सांग. माणसाला सारखं उठवून "झोप लागली का" विचारत नाहीत.

फक्त घोरणार नाही तो.

यायचं म्हणशील तर बघतो. आपोंचा गुडघा धरलाय, पायऱ्या उतरवत नाहीत त्यांना. आणि इथे एक शेंगदाण्याची चिक्की विकणारी मुलगी आहे, तिचं पुढच्या पत्रात. बघतो, माना. नक्की बघतो.

डोमेंग


तालिसाय, ६ ऑक्टोबर

डोमेंगा,

तुझ्या त्या डोक्यात कधीतरी काहीतरी निघतं.

मी तिला सांगायला गेले आणि तू लिहिलेलं सगळं विसरले. "नानाय, तो दमलाय." एवढंच म्हटलं. ती उठली, खिडकीतून चित्र काढलं, त्याच्या उशीत घातलं आणि स्वतःच खिडकी लावली. कोंबडा चिंचेखाली गेला. लोला साबेल आली तर नानाय दारातूनच म्हणाली, "हळू बोल. झोपलाय." लोलाने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलंच नाही.

काल तिने उशी उघडली. म्हणाली, "पुरे झाली झोप." मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तर ती हसत होती. तीळ आलाय, डोमेंग! भुवया आल्यात, कॉलरची शिवण आलीये. निळा, पूर्वीसारखा. पोत्याच्या कापडावर गिरणीचं नाव होतं ना, पुसट, तेसुद्धा त्याच्या खांद्यावर दिसतंय. ती दोन ताटं भात जेवली आणि वरून मला म्हणाली की आमटीत मीठ कमी आहे. मीठ कमी आहे असं ती कितीतरी महिन्यांनी म्हणाली.

पत्र उद्या जेट्टीवर देते.

११ ऑक्टोबर

पत्र टाकायचं राहिलं. बरं झालं की वाईट, कळत नाही.

बुधवारी मी बाजाराला गेले होते. नानायच्या मनात आलं की आता तो येणारच, तर त्याचं अंथरूण स्वच्छ हवं. तिने चादर काढली, खोळी काढल्या आणि सगळं धुतलं. नुसतं धुतलं नाही. चुलीतल्या राखेचं पाणी, कपड्यांचा साबण, आणि मग फेसासकट गवतावर पसरून उन्हात. आपल्याकडे पांढऱ्याशुभ्र कपड्यांसाठी करतात तसं. वर पाणी शिंपडत दुपारपर्यंत बसून होती. गाणं म्हणत होती, शेजारच्यांनी सांगितलं.

चित्र खोळीतच होतं. आदल्या दिवशी तिनेच "अजून थोडा पडू दे" म्हणून परत आत घातलं होतं, आणि आनंदात विसरली.

निळा नावाला उरला नाही. पिवळं पडलंय, डोमेंग. चहाचा डाग वाळून जातो तसं. तू लिहिलं होतंस, पिवळं असेल तर अवघड.

ती रडली नाही. कापड मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "मीच धुतला त्याला. प्रेताला धुतात तसा." तेव्हापासून पेज देते ती पिते, एवढंच. काल चर्चमध्ये जाऊन विचारून आली, नाव कधीपर्यंत द्यायचं. पहिल्या तारखेच्या संध्याकाळपर्यंत.

काही असेल तर कळव. नसेल तर तेही कळव.

सियोनी


बागियो, २१ ऑक्टोबर

माना,

पत्र आत्ता मिळालं. तार करायला पळालो तर तुमच्या बाजूची तार वादळापासून तुटलेलीच आहे म्हणे. हे पत्र मी मनिलाच्या बसच्या कंडक्टरला देतोय, तो सामारच्या बसवाल्याला देईल. पाकिटावर लिहिलंय की उशीर केला तर बघून घेईन.

ऐक. इकडचं तिकडचं काही लिहीत नाही.

निळा मेला. राखेच्या पाण्याने आणि साबणाने मेला, तो अंधारातही परत येणार नाही. पण आपो म्हणतात, तो लोखंडाचा बनलेला असतो, आणि लोखंड कुठे जात नाही. ते पिवळं जे दिसतंय ना, तो गंज आहे. जिथे जिथे मानोचा चेहरा होता तिथे तिथे धाग्यात गंज बसलाय. चेहरा तिथेच आहे, फक्त दिसत नाही.

पेरूची पानं घे. जखम धुवायला नानाय उकळते तशीच, पण खूप दाट. पाणी काळपट होईपर्यंत उकळ. मातीच्या मडक्यात! आपली मोठी लोखंडी कढई घेऊ नका, तिचं लोखंड उतरलं तर सगळं कापड काळं होईल आणि चेहरा त्यात बुडून जाईल. आधी कापडातला साबण पावसाच्या पाण्यात पूर्ण काढ. निळं पाणी यायचं नाही, घाबरू नकोस, साबणाचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत धू. चोळायचं नाही. काढा कोमट झाला की आधी फक्त कॉलरचा कोपरा बुडव. काळपट झाला तर पुढे जा. नाही झाला तर थांब.

निळा नाही होणार, माना. काळा-तपकिरी होईल. नानायला हे आधी सांग.

आता खरं. मी हे एकदाच केलंय, तेही चहाच्या पाण्यात, तेही एका नेच्याच्या पानावर. पेरूच्या पानांनी होईल असं आपो म्हणतात. "म्हणतात" म्हणजे त्यांनी मान हलवली. मी विचारलं, "नक्की?" तर म्हणाले, "तुझ्या आईला नक्की विचारून पोरं झाली होती का?"

पत्र वेळेवर मिळू दे. मी दुसरं काही मागत नाही.

डोमेंग


तालिसाय, १ नोव्हेंबर

डोमेंग,

तुझं पत्र काल मिळालं. बसवाल्याने कोळणीला दिलं, कोळणीने बर्फवाल्याला. अजून माशांचा वास येतोय त्याला.

नानाय उद्याचे कपडे इस्त्री करत होती. काळे. मी पत्र मोठ्याने वाचलं. मध्येच म्हणाली, "हे डोमेंगने सांगितलं? जो स्वतःच्या चपला विसरून बसमधून अनवाणी उतरतो?" पण पेरूची पानं म्हटल्यावर इस्त्री बाजूला ठेवली. जरा थांबून म्हणाली, "जखमेला पेरूचीच पानं लागतात." आणि स्वतः झाडाखाली गेली. इतकी पानं ओरबाडली की झाड कुडकुडल्यासारखं दिसतंय.

सवयीने ती लोखंडी कढईच चुलीवर ठेवायला निघाली. मी ओरडले. ती म्हणाली, "घरात ओरडायचा हक्क माझा." मग मातीचं मडकं काढलं. कापड मी पावसाच्या पाण्यात धुवत राहिले, बुळबुळीत लागत राहिलं, पिंप अर्धं झालं. शेवटी हाताला कापडासारखं कापड लागलं.

आज सकाळी कॉलरचा कोपरा बुडवला. काही नाही. चर्चची घंटा झाली, बाहेर बायका फुलं घेऊन कबरस्तानाकडे चालल्या होत्या. मी हात बाहेर काढणार तेवढ्यात तिने मनगट धरलं. "थांब." कोपरा राखाडी झाला. मग मातीसारखा. मग कॉलरची शिवण दिसली, डोमेंग, एकेक टाका.

तेव्हा सगळं बुडवलं. भुवया आधी आल्या. मग नाकाची सावली. मग एका बाजूचा डोळा, आणि बराच वेळ एकच डोळा. तो काढ्यातून आमच्याकडे बघत होता आणि आम्ही श्वास धरून त्याच्याकडे. तीळ सगळ्यात शेवटी आला.

बाहेर काढलं. पाणी निथळत होतं. नानायने दोन्ही हातांत धरून उजेडाकडे केलं आणि म्हणाली, "हा रुफो नाही."

मी कापडाचं दुसरं टोक धरलं.

"रुफो एवढा काळा कधी नव्हता," ती म्हणाली. आणि बघतच राहिली. मग अंगठ्याने त्याचा गाल पुसल्यासारखं केलं. "पण किती महिने उन्हात आहे तो. काळवंडणारच."

कापड तिने कुंपणाजवळच्या दोरीवर, फणसाच्या सावलीत वाळत घातलं. मी विचारलं, "संध्याकाळी चर्चमध्ये जायचंय?" तर म्हणाली, "आधी वाळू दे." काळे कपडे अजून खुर्चीवर आहेत. सूर्य खाली चाललाय आणि ती अंगणात बसून कधी दोरीकडे बघते, कधी रस्त्याकडे. मला काही कळत नाही. म्हणून लिहीत बसलेय.

कुत्रं भुंकतंय. थांब.

डोमेंग, घाईत लिहितेय, बर्फवाला निघतोय, त्याच्या हाती द्यायचंय. कुंपणापाशी एक माणूस उभा आहे. ओळखीचा नाही. पायात दोन वेगळ्या चपला, बोली दक्षिणेकडची. सकाळपासून गावभर बुंगालच्या आईचं घर विचारत होता. इथे बुंगाल कोणालाच माहीत नाही. हा शेवटच्या बोटीने परत निघालेला, जेट्टीकडे जाता जाता दोरीवरचं कापड बघून थबकला.

"हा तर आमचा बुंगाल!" म्हणाला.

नानाय उठून उभी राहिली. "हा रुफो आहे. माझा मुलगा."

"आम्ही बुंगालच म्हणतो त्याला, नानाय. पलीकडच्या देशाच्या गस्तीने आम्हाला धरलं, त्याचीही बोट भरकटली होती, माझीही, तिथल्या कोठडीत भेटलो. मला म्हातारा म्हणून आधी सोडलं. बाकीचे नाताळनंतर सुटतील. तुम्हाला निरोप सांग म्हणाला." मग पुन्हा कापडाजवळ तोंड नेऊन नीट बघितलं आणि म्हणाला, "रंग अगदी असाच झालाय त्याचा. पण इथे सगळे दात कसे? समोरचा तर पडलाय. म्हणून तर बुंगाल, दातपडक्या."

नानायने त्याला अजून आत बोलावलेलं नाही, पाणीही विचारलेलं नाही. दोरी घट्ट धरून उभी आहे आणि सारखं एकच विचारतेय, "कुठला दात? डावीकडचा की उजवीकडचा?"